साडेतीन कोअरची केबल : एका न्यूट्रलचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या एका उपनगरातली चार मजली व्यापारी इमारत. तळाला दुकानं आणि एक बँक, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर दवाखाने, क्लासेस, सीए-वकिलांची ऑफिसं. तिसरा मजला एका बॅक-ऑफिस कंपनीने अख्खा भाड्याने घेतलेला : 250 खुर्च्या, दोन पाळ्या. चौथा रिकामा. वीज 11 केव्हीवर येते आणि तळघरात मालकांचा स्वतःचा 315 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

पहिली म्हणजे रायझरची, म्हणजे खालून वरच्या मजल्यांवर जाणारी, केबल. तळघरातल्या मुख्य पॅनेलपासून तिसऱ्या मजल्याच्या डीबीपर्यंत (वितरण पेटीपर्यंत) 50 चौरस मिमीची, साडेतीन कोअरची अ‍ॅल्युमिनियम केबल. आपल्याकडे हा शब्द इतका तोंडात बसलाय की त्यातलं 'साडे' कुणी ऐकत नाही. तीन फेज पूर्ण जाडीचे आणि न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, अर्धा, या केबलमध्ये 25 चौरस मिमीचा. हिशेब जुना आहे आणि त्याच्या काळात बरोबरही होता : तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तर त्यांचे करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडून टाकतात, उरतो फक्त असमतोल. मग त्या तारेवर अ‍ॅल्युमिनियम का घालवायचं?

दुसरी म्हणजे कपॅसिटर. 2020 च्या एप्रिलपासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे कामाची आणि नुसती ये-जा करणारी अशा एकूण विजेवर, बिल येऊ लागलं. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला कामाच्या विजेचा हिस्सा, घसरला की थेट युनिटच वाढायचे. मालकांनी सल्ला घेतला आणि एपीएफसी पॅनेलमध्ये, म्हणजे लागतील तसे कपॅसिटर आपोआप जोडणाऱ्या पेटीत, 25 केव्हीएआरच्या (कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) आधीच्या चार पायऱ्यांत आणखी दोनांची भर घातली. 100 चे 150 झाले, बिल उतरलं, सगळे खूश.

काय बिघडलं

एका संध्याकाळी सातच्या सुमारास, पाळी बदलताना, तिसऱ्या मजल्यावरचे काही दिवे एकदम पांढरेफट्ट झाले, काही मिणमिणू लागले आणि मग फटाक्यांची माळ लागावी तसे संगणकांचे पॉवर सप्लाय उडाले. तेवीस सप्लाय, नऊ एलईडी पॅनेल आणि कॉफीचं मशिन. डीबीतली न्यूट्रल लिंक, म्हणजे न्यूट्रल जोडणारी पट्टी, वितळून सुटली होती. न्यूट्रल गेला की तीन फेजांमधलं व्होल्टेज लोडप्रमाणे वाटलं जातं. ज्या फेजवर लोड कमी तिच्यावर 300 च्या वर चढतं. यात नवल काही नाही, हे गणेशमंडपातही होतं.

इमारतीच्या वायरमनने लिंक बदलली, नट आवळले आणि कारण सांगितलं : लूज कनेक्शन. पाच आठवड्यांनी नवी लिंक काळी पडली. या वेळी कुणाच्या तरी नाकात वास गेला म्हणून वेळेवर लाईन बंद केली, इतकंच.

याच दरम्यान तळघरात कपॅसिटरचे डबे फुगत होते. सहा महिन्यांत चार डबे. ते वेगळं दुखणं समजून वेगळ्या माणसाला दाखवलं होतं. पुरवठादाराने 'माल खराब लॉट' म्हणून दोन फुकट बदलून दिले. मला बोलावलं ते लिंकसाठी. कपॅसिटरचा विषय चहा पिताना निघाला.

पहिलं मोजमाप

वायरमनदादा अनुभवी माणूस, पंचवीस वर्षं हेच काम. त्यांनी माझ्यासमोर टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) लावून तिन्ही फेज दाखवले : 41, 40, 42 अँपिअर. 50 चौरस मिमीच्या कोअरला हवेत साधारण 105 अँपिअर झेपतात. म्हणजे केबल निम्मीसुद्धा भरलेली नाही, आणि समतोल तर दृष्ट लागावा असा.

"आणि न्यूट्रल?"

"साहेब, लोड बॅलन्स आहे. न्यूट्रलला कुठं करंट असतो?"

न्यूट्रलला टेस्टर लावला तर 90 च्या पुढे. दादांनी तो काढून झटकला आणि परत लावला. तेवढंच. मग मी माझा मीटर हर्ट्‌झवर टाकला. देशभरात 50 हर्ट्‌झची वीज आहे. त्या तारेत मीटर 150 दाखवत होता.

दादांचा टेस्टर सरासरी मोजून आरएमएस (करंटचं परिणामी मूल्य) अंदाजाने दाखवणारा होता. नितळ साइन लाटेवर तो चोख चालतो, टोकदार लाटेवर कमी सांगतो. खऱ्या आरएमएस मीटरवर फेजमध्ये 57 अँपिअर निघाले. पॉवर अ‍ॅनालायझरने ते फोडून दाखवले : 50 हर्ट्‌झचा मूळ करंट 44, तिसरा हार्मोनिक 31, पाचवा 18, सातवा 8. न्यूट्रलमध्ये 93.

हे येतं कुठून? संगणकाचा साधा पॉवर सप्लाय आतला कपॅसिटर भरण्यासाठी लाटेच्या माथ्यावरच करंट ओढतो, बाकी वेळ गप्प. नळाला पाणी दिवसभर असतानाही सगळ्या सोसायटीने प्रेशर असतं म्हणून सकाळी साडेसहालाच नळ सोडावा, तसं. अशा चिमट्यासारख्या करंटची फोड केली की त्यात मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेचे तुकडे निघतात, तेच हे हार्मोनिक. मूळ करंट तीन फेजांत 120 अंशांनी सरकलेले असतात म्हणून खोडले जातात. पण तिसऱ्यासाठी ते 120 चे 360 होतात, म्हणजे सरकलेच नाहीत. तिन्ही फेजांचे तिसरे हार्मोनिक एकाच ठेक्यात न्यूट्रलमध्ये उतरतात आणि बेरीज होते. 31 तिरिक 93. हिशेब तंतोतंत.

न्यूट्रलचा 25 चौरस मिमीचा कोअर सुमारे 70 अँपिअरचा. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे त्याला झेपणाऱ्या उष्णतेच्या पावणेदोन पट. आणि तीन फेजांना एमसीसीबी ब्रेकर असतो, न्यूट्रलला नुसती लिंक. फेज तापला तर ब्रेकर पडतो. इथे जो तापत होता त्याच्यावर पहाराच नव्हता, अ‍ॅमीटरही नव्हता.

तळघरातलं दुखणं

कपॅसिटरच्या पॅनेलपाशी एक दुपार काढली. हीच या प्रकरणातली मला सर्वांत आवडलेली दुपार.

ट्रान्सफॉर्मरचं इंडक्टन्स आणि कपॅसिटर यांचा मिळून एक नैसर्गिक ठेका असतो. 315 केव्हीए, 4.5 टक्के इम्पीडन्स (आतला अडथळा), वरच्या 11 केव्हीची 150 एमव्हीएची फॉल्ट लेव्हल (शॉर्ट झालं तर तिथे येऊ शकणारी ताकद) धरून हिशेब केला. चार पायऱ्यांवर हा ठेका मूळ वारंवारतेच्या 8.3 पट येतो. आठव्या-नवव्याच्या मध्ये, जिथे कुणी ढोल वाजवत नाही. पाच पायऱ्यांवर 7.4. सहावर 6.8. डबे जुने होऊन थोडी क्षमता घटली की बरोबर 7. आणि सातवा हार्मोनिक तर इमारतीत मुबलक : संगणक, लिफ्टचे ड्राइव्ह, इन्व्हर्टर एसी.

कागदावरचं खरं आहे का हे बघायला पायऱ्या हाताने एकेक चढवल्या. चौथीपर्यंत व्होल्टेजचा टीएचडी, म्हणजे लाटेतली एकूण विकृती, 4 टक्क्यांच्या आसपास. पाचवीवर 6. सहावी पायरी जोडणारा कॉन्टॅक्टर बसला, पॅनेलचा गुणगुणाट बदलला आणि आकडा 9 च्या पुढे गेला. कमी दाबासाठी आयईईई 519 या हार्मोनिकवरच्या मानकाची मर्यादा 8 टक्के आहे. त्या क्षणी 33 अँपिअरच्या डब्यात 37 जात होते. मानकाप्रमाणे डब्याने 1.3 पट सोसायला हवं, म्हणजे 37 ने मरायला नको. पण हे पॅनेल ट्रान्सफॉर्मरला खेटून, पंखा बंद पडलेल्या खोलीत होतं. मरत होते ते दोन्हीमुळे. हार्मोनिकच्या माथी सगळं मारणं सोपं असतं. पंख्याचंही नाव घ्यायला हवं.

पॉवर फॅक्टर सुधारायला घातलेल्या दोन पायऱ्यांनी इमारतीला सातव्या सुरात लावून ठेवलं होतं. दुपारी एसी पूर्ण चालू झाले की एपीएफसी सहावी पायरी चढवायचा, डबे तापायचे. संध्याकाळी लोड उतरला की पायरी उतरायची. म्हणून सकाळी येणाऱ्या माणसाला कधी काही दिसलं नाही.

"मग हे विकायला परवानगी कशी देतात?"

मालकांचा प्रश्न, असा करंट ओढणाऱ्या संगणकांबद्दल. रास्त होता, आणि त्याच्या उत्तरासाठीच हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

हार्मोनिकवर दोन ठिकाणी नियम बसतो. एक जोडणीच्या ठिकाणी, जिथे ग्राहक सार्वजनिक जाळ्याला भेटतो. आयईईई 519 तिथला. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या पुरवठा संहितेच्या नावातच 'वीज गुणवत्ता' आली आहे. दुसरा नियम उपकरणावर, कारखान्यातून बाहेर पडण्याआधी. आयईसी 61000-3-2 हे आंतरराष्ट्रीय मानक, फेजला 16 अँपिअरपर्यंतच्या उपकरणांसाठी. युरोपात तो 1 जानेवारी 2001 पासून सक्तीचा आहे. भारतीय मानकांत तो आयएस 14700 च्या भाग 3, विभाग 2 मध्ये आहे.

उपकरणावर का? एका संगणकाचा तिसरा हार्मोनिक पाव अँपिअरसुद्धा नसतो. तो कुणाचं काही बिघडवत नाही. संध्याकाळी लाखो टीव्ही एकदम लागतात तेव्हा ते पाव पाव अँपिअर एकाच क्षणी, एकाच माथ्यावर येतात, आणि मग ट्रान्सफॉर्मर जास्त तापतात, दूरच्या कुणाच्या तरी मोटारी आणि कपॅसिटर भोगतात. अशा वेळी घराघरात जाऊन मोजणार कोण? आणि सापडलं तरी दोष कोणाचा? म्हणून जिथे दोष एकाचा नसतो तिथे नियम दाराशी न लावता वस्तूलाच लावला. आमच्या इमारतीचंच बघा. कमी दाबाच्या बाजूला 9 टक्के विकृती. 11 केव्हीवर पोचेपर्यंत तिचा अर्धा टक्काही उरत नाही. शेजाऱ्याला काही कळणार नाही. त्याच फीडरवर अशा वीस इमारती असल्या की कळेल.

आता खरी गोम. संगणक आणि टीव्ही ज्या ड वर्गात येतात त्याची मर्यादा वॉटमागे आहे : तिसऱ्यासाठी 3.4 मिलिअँपिअर, पाचव्यासाठी 1.9, सातव्यासाठी 1. आपल्या 230 व्होल्टवर याचा अर्थ मूळ करंटच्या 78, 44 आणि 23 टक्के. आमच्या मजल्यावर मोजलेले 70, 41 आणि 18. म्हणजे मजल्यावरचा करंट एकत्र धरला तर तो नियमात बसतो! शिवाय 75 वॉटपर्यंतच्या संगणकाला ही मर्यादा लागूच नाही. नियम सार्वजनिक जाळ्यासाठी बेतलेला आहे. तुमच्या शाफ्टमधल्या अर्ध्या जाडीच्या न्यूट्रलची त्याने हमी घेतलेली नाही.

जोडणीच्या नियमालाही हा न्यूट्रल दिसत नाही. ट्रान्सफॉर्मरची 11 केव्हीची बाजू डेल्टा, म्हणजे त्रिकोणात जोडलेली. तिन्ही फेजांचा सारखा तिसरा हार्मोनिक त्या डेल्टातच गोल फिरतो आणि तापतो, बाहेर पडत नाही. उच्चदाबाच्या बाजूला आम्ही सकाळी मोजलं तेव्हा करंटची विकृती 9 टक्के होती. मोठ्या फॉल्ट लेव्हलवरच्या छोट्या ग्राहकाला आयईईई 519 पंधरा टक्क्यांपर्यंत सूट देतं. पास! त्याच वेळी वर तिसऱ्या मजल्यावर लिंक भाजत होती. दुपारी सहाव्या पायरीवर तिथेच 30 च्या वर आकडा गेला, पण तो सातव्याचा, तळघरातल्या दुखण्याचा.

कोणते पर्याय तोलले

मोठी लिंक बसवून पुढे जाणं हा मालकांचा पहिला कल. लिंक टिकली असती आणि भट्टी केबलमध्ये सरकली असती. हा पर्याय दहा मिनिटांत बाद झाला, कारण शाफ्टमधून त्याच केबलला चिकटून फायर अलार्मच्या वायरी गेल्या होत्या.

अ‍ॅक्टिव्ह फिल्टरचं कोटेशन आलं. चकचकीत ब्रोशर, चार तारी, उलटा करंट सोडून हार्मोनिक पुसणारा. विक्रेता तो तळघरातल्या मुख्य पॅनेलला लावणार होता. तिथे लावला तर ट्रान्सफॉर्मर निवांत होतो, पण तिसऱ्या मजल्यापासून तळघरापर्यंत 93 अँपिअर त्याच केबलमधून खाली येत राहतात. तो तिसऱ्या मजल्याच्या डीबीपाशी हवा होता. हे बोलल्यावर विक्रेता म्हणाला, "तिथेही लावता येईल." येतंच, पण विचारलं नसतं तर लागला असता तळघरात. खर्च पाहता तो पुढे ढकलला.

केबल बदलणं हा कंटाळवाणा पर्याय. आयईसी 60364 चा केबलबाबतचा भाग सरळ सांगतो : फेजमध्ये तिसरा हार्मोनिक 33 टक्क्यांच्या पुढे गेला की केबलचा आकार न्यूट्रलच्या करंटवरून ठरवा. 93 अँपिअरसाठी 105 अँपिअरची, म्हणजे 50 चौरस मिमीचीच, पूर्ण चार कोअर कागदावर चालते, पण उन्हाळ्यातला शाफ्ट बघून आम्ही 70 चौरस मिमीची चार कोअर घेतली.

कपॅसिटरसाठी, ठेका हार्मोनिकपासून दूर सरकवणारा डीट्यूनिंग रिअ‍ॅक्टर. इथे दोन कोटेशनं, एक 7 टक्क्यांचं, एक 14 चं. दुसऱ्याचा युक्तिवाद असा की तुमच्याकडे तिसरा हार्मोनिक प्रचंड आहे, तर 14 टक्केच हवा. ऐकायला बिनतोड. पण कपॅसिटर डेल्टात जोडलेले. तिन्ही फेजांत सारखा येणारा तिसरा हार्मोनिक त्यांच्यात शिरतच नाही. 7 टक्के रिअ‍ॅक्टरने ठेका 189 हर्ट्‌झवर जातो, पाचव्याच्या खाली. पुरे होतं. रिअ‍ॅक्टरमुळे डब्यावरचं व्होल्टेज साडेसात टक्क्यांनी चढतं, म्हणून 440 व्होल्टचे जुने डबे चालत नाहीत. 525 चे घेतले. जुन्या डब्यांना रिअ‍ॅक्टर लावून पैसे वाचवायचा मोह मालकांना शेवटपर्यंत होता.

पैसे कोणाचे?

तांत्रिक निर्णय आठवड्यात झाले, यावर दीड महिना गेला. मालक म्हणत, करंट भाडेकरूच्या मशिनचा. भाडेकरूचा अ‍ॅडमिन मॅनेजर म्हणे, आमचा लोड मंजूर भारात आहे, केबल तुमची. दोघंही खरं बोलत होते. भाडेकरारात किलोवॉट होते, पॉवर फॅक्टरचा शब्दही होता, न्यूट्रलचं नाव नव्हतं. शेवटी केबल आणि कपॅसिटर मालकांनी केले, दिवे भाडेकरूने. दिव्यांचं कारण असं : ते 40 वॉटचे स्वस्त पॅनेल होते. 25 वॉटच्या वरच्या दिव्यांना क वर्गात तिसरा हार्मोनिक 30 टक्क्यांच्याही आत ठेवावा लागतो. यांचा 80 च्या घरात. मजल्यावर उघडपणे नियम मोडणारी वस्तू कोणती असेल तर हीच, आणि तिचं बिल भाडेकरूच्याच फाइलमध्ये होतं.

काय केलं, काय झालं

एका शनिवारी रात्री लाईन बंद करून केबल ओढली. जुनी बाहेर आली तेव्हा लाल, पिवळा, निळा कोअर जवळजवळ नवे. काळ्या न्यूट्रलचं इन्सुलेशन लगपासून (टोकाच्या जोडणीपासून) वीतभर कडक, तपकिरी, आणि बोटाने दाबलं की पापडासारखा चुरा. दादांनी तो तुकडा कापून खिशात ठेवला.

नव्या डीबीत न्यूट्रलला सीटी (करंट मोजणारं वेटोळं) आणि अ‍ॅमीटर बसवला. कपॅसिटर खोलीतला पंखा दुरुस्त केला. दिवे बदलल्यावर न्यूट्रल 93 वरून 75 वर आला. रिअ‍ॅक्टर लागल्यावर सहाही पायऱ्यांवर व्होल्टेजचा टीएचडी 4 च्या आत राहिला. त्यानंतरच्या वर्षात एकही डबा फुगला नाही.

वर्षभराने भाडेकरूने संगणक बदलले. खरेदीच्या अटींत अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (करंट नितळ लाटेसारखा ओढणारी रचना) लिहायला मी सांगितलं होतं. आले ते 65 वॉट अडॅप्टरचे छोटे संगणक, म्हणजे मर्यादेतून सुटलेले. त्यांची मुळात भूकच कमी, म्हणून न्यूट्रल 50 च्या खाली उतरला. पण फेजच्या तुलनेत तो अजूनही दीडपट आहे.

वेगळं काय करता आलं असतं

लिंक पहिल्यांदा गेली त्याच रात्री न्यूट्रलला टेस्टर लावायला हवा होता. दोन मिनिटांचं काम. यात दादांना दोष देणं मला जमत नाही. त्यांना जे शिकवलं होतं ते खरं होतं, फक्त लोड बदलला होता आणि हे त्यांना कुणी येऊन सांगितलं नव्हतं.

2020 मध्ये पायऱ्या वाढवताना एका वर्गमुळाचा हिशेब करायला हवा होता. ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर केव्हीए आणि इम्पीडन्स दोन्ही लिहिलेले असतात. सल्लागाराने बिल पाहिलं, पाटी पाहिली नाही.

माझीही एक चूक. उच्चदाबाचं मोजमाप मी आधी फक्त सकाळी केलं आणि मालकांना फोनवर "तिकडे ठीक आहे" सांगून बसलो. आयईईई 519 आठवडाभराच्या नोंदी मागतं ते उगीच नाही. दुपारचा आकडा पाहिल्यावर तो फोन परत करावा लागला.

चौथा मजला आता भाड्याने जातोय. रायझरचं कोटेशन ठेकेदाराकडून आलं, त्यात सवयीने 'साडेतीन कोअर' टाइप केलेलं. माझ्याकडे पोचलं तेव्हा 'साडेतीन' पेनने खोडून वर 'चार' लिहिलेलं होतं. अक्षर दादांचं.